कुणाला उठवायचं

सोहारच्या किनाऱ्यावर समुद्र गोड करायचा कारखाना,
त्यात माझी खोली बिनखिडकीची.
बाहेर ऑगस्ट आहे
हे दाराच्या काचेवरच्या घामावरून कळतं.

सात वर्षं एक यंत्र नुसतं बघत होतं.
पंपाचा दाब, झडपांची उघडझाप,
जाळीच्या अलीकडचं पाणी, पलीकडचं पाणी.
बिघडलं की लाल व्हायचं
आणि लालच राहायचं, कुणाची तरी नजर पडेपर्यंत.
दुसरं यंत्र सगळं करू शकायचं,
पंप थांबवणं, जाळी धुणं, फोन लावणं,
पण त्याला कुणी काही सांगत नव्हतं.
एका घरात अबोला धरलेल्या जावांसारखी
दोन्ही एकाच रॅकमध्ये.
मधली निरोपी मी.
रात्री दोनला खमीसला फोन करायचा, तो म्हणायचा,
"मुहंदिसा, आज काय रडतंय?"

जोडायला एक दुपार पुरली.
एक पत्ता, एक टोकन,
महिरपी कंसांत निरोप: काय, कुठे, केव्हा, किती गंभीर.
तीन आठवडे गेले ते एका ओळीवर.
किती झालं म्हणजे माणसाला उठवायचं?
साहेब म्हणाले, प्रत्येक वेळी.
बिजूमोन म्हणाला, कधीच नको, सकाळी बघू.

माझे पणजोबा जागल्या होते, भूमच्या बाजूला.
काठी, घोंगडी, कंदील.
ज्या दारांवर हाळी द्यायची
त्या दारांच्या आत त्यांचं पाऊल नव्हतं.
आत्या सांगते, त्यांचा हिशेब साधा होता.
आग दिसली तर हाळी. चोर दिसला तर हाळी.
साप दिसला तर हाळी नाही, काठी.
मी तेच लिहिलं, दुसऱ्या शब्दांत:
दाबातला फरक वाढला तर जाळी धू.
पुन्हा धू. तिसऱ्यांदा धू.
मग खमीस.

चाचणीच्या रात्री "ही चाचणी आहे" हा रकाना
भरायचा राहिला.
खमीस सहमहून पिकअप हाणत आला,
दिशदाशाची बटणं उघडी, पायात मुलाच्या चपला.
पंप व्यवस्थित. पाणी व्यवस्थित.
त्यानं माझ्या थर्मासमधला करक चहा ओतून घेतला,
अर्धा प्यायला,
आणि काहीच बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतर नऊ आठवडे कुणी उठलं नाही.
सकाळी येऊन मी नोंदी वाचायचे:
दोन चौदा, इशारा. दोन चौदा, जाळी धुतली.
दोन सोळा, बंद.
साप येऊन गेला, मेलाही,
आणि गाव घोरत होतं.
खमीस दिवसा भेटला की विचारायचा, "मी कामावर आहे ना अजून?"
हसत विचारायचा. मी हसत हो म्हणायचे.

मग ती गुरुवारची रात्र.
जाळी धुतली, पुन्हा धुतली, तिसऱ्यांदा धुतली,
अलीकडचं पाणी चढतच गेलं.
यंत्रानं फोन लावला. मी घरी झोपले होते.
ते ध्वनिमुद्रण शुक्रवारी ऐकलं, सुट्टी असून येऊन.

बाईचा आवाज, कुठल्याच गावचा नसलेला:
"सेवन-पाणी, जाळी दोन, गंभीर. स्वीकारण्यासाठी एक दाबा."
खमीस पहिल्याच रिंगला जागा.
एक दाबत नाही. तो तिला समजावतोय.
वारा फिरलाय, संध्याकाळीच वाळूवर पाहिले होते,
आता हजारोंनी आले असतील:
"कंदील, कंदील अल-बहर."
जेलीफिश. समुद्राचे कंदील.
"उत्तर समजले नाही," ती म्हणते. "एक दाबा."
"कंदील," तो पुन्हा म्हणतो, हळू,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

मला तो एकच शब्द कळला,
भाषांतर न करता.
पुढे बारा सेकंद कुणी बोलत नाही.
चपला शोधल्याचा आवाज, दार,
मग पिकअप, दुसऱ्या झटक्याला सुरू होणारी,
आणि ती बाई अजून वाट बघतेय
एकची.